नवसाचं डुक्कर आणि मांसाच्या विटा

नवऱ्याची पावडर डुकराला घालायची, हे लेसिएलीनं देवाला विचारूनच ठरवलं. (देव 'नको' म्हणाला नाही, एवढं मात्र खरं.)

लेकीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, चर्चच्या जेवणावळीला अख्ख्या व्हावाऊ बेटावरचं सगळ्यात लठ्ठ डुक्कर देईन, असा तिचा नवस होता. नात झाली, चांगली गुटगुटीत झाली. डुक्कर मात्र काही केल्या अंग धरेना, आणि जेवणावळ तर तोंडावर आलेली.

त्यातच फेलेतीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ऑकलंडच्या भावाकडून एक भलाथोरला डबा मागवला. चर्चच्या प्रौढांच्या रग्बी संघात त्याला जायचं होतं.

"हे काय रे?"

"अमिनो अ‍ॅसिड."

"अ‍ॅसिड? अरे, आतडी जळतील!"

"तसलं नव्हे गं. मांसाच्या विटा समज. पोटात गेल्या की अंग भरतं."

"आणि गवंडी कोण?"

"तू जा बघू, नारळ खवायला!"

नारळ खवता खवता लेसिएली विचारात पडली. माणसाचं अंग भरतं, मग डुकराचं का नाही? त्या दिवसापासून खोबऱ्याच्या चोथ्यात पावडर पडू लागली. डबा रिकामा दिसू नये म्हणून तिनं त्यात कसाव्याचं पीठ भरलं. (पाप नको, म्हणून रोज एक प्रार्थना जास्त.)

फेलेती ते पीठ पाण्यात ढवळून भक्तिभावानं प्यायचा. शर्टाची बटणं तुटू लागली.

"बघ, छाती कशी वाढलीय!"

"वाढलीय खरी," ती म्हणायची. तुटलेली बटणं पोटावरची होती, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

डुक्करही वाढलं, पण भलतंच. खांदे रुंद, मान जाडजूड आणि चरबीचा पत्ता नाही! एका सकाळी त्यानं खांद्याच्या एका धडकेत कुंपण पाडलं आणि अळवाच्या शेतातून धूम ठोकली. सगळी आळी मागे धावली. फेलेती पडलेल्या कुंपणापाशीच धापा टाकत बसला.

जेवणावळीत ते डुक्कर पानात आलं आणि सगळे नुसते चावतच राहिले.

"कुणी उसने दात देता का?" म्हातारा माका ओरडला.

"लेसिएली, याला घातलंस तरी काय?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

पाद्रीसाहेबांसमोर खोटं कसं बोलायचं? तिनं पावडरीचं सांगितलं, मग पिठाचंही सांगितलं. फेलेतीचा घास हातातच राहिला.

"म्हणजे... मी... पीठ?"

"माझा नवस मोडला हो, पाद्रीसाहेब!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाद्रीसाहेबांनी घास कसाबसा गिळला आणि मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मोडला कसा, पोरी? बेटावरचं सगळ्यात लठ्ठ ते तू आणलंसच की." त्यांची नजर फेलेतीच्या उरल्यासुरल्या बटणांवर स्थिरावली. "फक्त ते पानात वाढायच्या ऐवजी पानावर बसलंय."