बिनबैलाची गाडी

दोन हजार बावीस साल. मी सत्तर वर्षांचा. त्या साली आमच्या नवाबपुऱ्यात समोरच्या खोलीत दिगंबरराव राहायला आले. दुपारचा एक वाजला की हा माणूस कॉम्प्युटर बंद करायचा. का, तर आतली माणसं जेवायला बसतात. जेवत्या माणसाला उठवू नये, असं त्यांचं म्हणणं.

दिगंबरराव जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. वैजापूर, गंगापूर, लासूर, सगळी शिवारं साखळी धरून पायाखाली घातलेली. मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरात एक गाव वसवलं. व्हिडिओ गेम म्हणतात त्याला. यात कोणी कोणाला गोळी घालत नाय. कांद्याची गाडी बाजाराला पोचवायची, बस्स. जगातली तीसेक माणसं हौसेनं हातभार लावायची. कोणी झाडं काढून धाडायचं, कोणी विहिरी. गल्लीतलं कोणी हसलं तर दिगंबररावांचं ठरलेलं उत्तर होतं, "फुकटचं आहे, फालतूचं नाही."

मी याकूब, हिमरूचं नक्षीदार कापड विणणारा. शाळा चौथीपर्यंत. पण चौकोनाच्या कागदावर नक्शा काढण्यात माझा हात धरणारा या शहरात कोणी नव्हता. हे मीच सांगतो, कारण सांगणारे बाकीचे वारले. माग बंद पडला आणि मी ओट्यावर बसून समोरच्या खिडकीत बघू लागलो. खिडकीतून कॉम्प्युटर दिसायचा. त्यात एक गाडी आपली आपणच पळत होती. पुढं बैलच नाय.

चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी जाऊन दार वाजवलं आणि म्हणालो, "साहेब, तुमची गाडी भुताची हाय का?"

ते उठून उभे राहिले. मला चप्पल काढायला लावली, कारण गावात शिरायचं होतं. मग त्यांनी आलेले बैल दाखवले. एका परदेशी बाईनं गाय काढून तिला शिंगं लावली होती. दुसऱ्याचा बैल धिप्पाड, पण पाठ सपाट. दिगंबरराव दुःखानं म्हणाले, "एकालाही वशिंड नाही, याकूबभाई. वशिंड नाही तर जू टेकवायचं कशावर?" दोन वर्षं त्यांनी बैल नापास केले होते. आणि रविवारी गेमची नवी आवृत्ती सगळ्या जगाला द्यायची होती.

बत्तीस चौकोन रुंद, बत्तीस चौकोन उंच, त्यात बैल बसवायचा. मला हसू आलं. आम्ही याच्याहून कमी जागेत मोर नाचवलेत. दोन दिवसांत मी चार कागद भरले, चार पावलांचे चार. दिगंबररावांनी एकेक चौकोन मोजून तो कॉम्प्युटरात उतरवला. वशिंड बघून त्यांचे डोळे भरले.

मग बैल चालवला. गाडी निघाली बाजाराकडं आणि बैल पाय उचलत मागं मागं सरकू लागला. तोंड गाडीकडं, शेपूट बाजाराकडं.

चूक माझी नव्हती. आमच्या मागावर कापडाची सुलट बाजू खाली असते, उलट बाजू वर. म्हणून नक्शाही उलटाच काढायचा, म्हणजे कापड फिरवलं की सरळ दिसतो. पन्नास वर्षं हात तसाच चालला, त्याला काय माहीत कॉम्प्युटर फिरवता येत नाय. मी सांगितलं, बैल बरोबर हाय, तुमचा रस्ता उलटा हाय.

दिगंबरराव म्हणाले, एका बटणानं बैल वळतो. पण दुसऱ्याच्या हातचा एक चौकोनही विचारल्याशिवाय हलवायचा नाही, हा त्यांचा कायदा. म्हणून विचारत होते. मी नाय म्हणालो. माझा बैल बटणानं वळणार नाय. चारही कागद उचलले, घरी आलो आणि पहिल्या चौकोनापासून पुन्हा काढायला बसलो. बुधवार गेला, शुक्रवार गेला. ते खिडकीतून बघायचे, मी पाठ करून बसायचो. शनिवारी दुपारी बाराला कागद नेऊन टाकले. त्या दिवशी एक वाजून गेला तरी कॉम्प्युटर चालू होता. गाव उपाशी राहिलं.

रविवारी बैल चालला. वशिंडावर जू, गळ्यात घुंगरं, तोंड बाजाराकडं. दिवसभर देशोदेशीचे निरोप येत होते आणि दिगंबरराव मोठ्यानं वाचून त्याचं मराठी सांगत होते. त्या शिंगवाल्या गायीच्या बाईनं लिहिलं होतं, आता कळलं बैल म्हणजे काय. शेवटी नावांची यादी आली. तीस परदेशी नावांखाली माझं नाव, याकूब, नवाबपुरा. मी तीनदा वाचायला लावलं.

निघालो तर दिगंबरराव म्हणाले, एक विचारायचं होतं. माझा तो पहिला, उलटा बैल त्यांना ठेवायचा होता.

माझं डोकं फिरलं. माझी चूक जगाला दाखवायची?

त्यांनी गावाच्या टोकाचं एक घर दाखवलं. ओटा, अंगण, कुंपण. आत माणूस नाय. "हे माझं," ते म्हणाले. "इकडं रस्ताच येत नाही, कोणाला दिसणार नाही. अंगणात बांधतो." मग चष्मा पुसत बसले. "तीस जण आहेत, याकूबभाई. एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. दार वाजवून आलेले तुम्ही पहिले. तो बैल घेऊन आलात."

चप्पल घातली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी चौकोनाचा नवा कागद काढला. त्या घराच्या ओट्यावर दोन म्हातारे बसवले, एक चष्म्याचा, एक टोपीचा. तोंडं समोरासमोर केली. तसा नक्शा उलटा धरा नाय तर सुलटा, दोघं एकमेकांकडंच बघतात. कागद काखेत मारला आणि समोरचं दार वाजवलं.