शेवयांचं मूळ गाव

पाटीवर ‘हामहुंगी थंड शेवया’ असं विशेषण आढळल्याची नोंद झाल्यामुळे नगर कचेरीतले प्यो साहेब भर दुपारी ओक-दान आजींच्या दुकानी चौकशीला आले आणि आधी वाडगाभर शेवया चापून मोकळे झाले.

"चव झकास," तोंड पुसत ते म्हणाले. "पण हामहुंगी कशावरून?"

"अहो, मीच उत्तरेतल्या हामहुंग गावची! लढाईत बोटीवर चढले ती आठवड्यात परतायचं म्हणून. त्याला झाली त्रेचाळीस वर्षं."

"नव्या नियमानुसार त्या गावच्या कचेरीचा दाखला लागतो."

"अरे बाबा, मध्ये सरहद्द आहे! तिकडे साधं पत्र जात नाही."

"मग पत्र पोचत नाही, असं त्यांच्याकडून लेखी आणा."

आजींनी कपाळाला हात लावला. आईबाप, धाकटा भाऊ, सगळे तिकडेच राहिलेले. इकडे त्या गावाचं नाव घेणारी फक्त ही गिऱ्हाइकं. "आजी, एक हामहुंगी!" असं दिवसातून साठदा कानावर पडलं की त्यांचा जीव निवायचा. दुकान त्या तेवढ्यासाठीच चालवायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं ओळखपत्र पुढे केलं. मूळ गाव : हामहुंग.

"हे तुमचं झालं, शेवयांचं नव्हे," साहेब म्हणाले. "तिकडे बटाट्याचं पीठ वापरतात, तुम्ही रताळ्याचं. शेवया इथल्याच."

"बरं, मग ‘इथल्या शेवया’ लिहिते. झालं समाधान?"

"कशा लिहाल? करणारी बाहेरची!"

सबब शेरा पडला : शेवया इथल्या, आजी तिथल्या, उभयतांना एकत्रित विशेषण अनुज्ञेय नाही. रंगाऱ्याने शिडी लावून ‘हामहुंगी’ पुसलं. दुकान भरलेलं होतं. सगळे खाली मान घालून जेवत होते.

त्यानंतर पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, "आजी, एक थंड." आजींनी पाठ फिरवून डोळे पुसले. शेवयांवर घालायची वाटलेली मोहरी झोंबली म्हणाल्या.

प्यो साहेबांचं जेवण मात्र चुकलं नाही. परवा घाईत आले आणि सवयीने ओरडले, "आजी, एक हामहुंगी!"

आजींनी हात पुढे केला. "दाखला आणलाय?"

अख्खं दुकान खदखदून हसलं. साहेबही हसले. आपणही हसलो, शिडी लागली त्या दिवशी याच बाकावर, वाडग्यात मान घालून बसलो होतो तेच आपण.