बाभळीवरच्या पाच गुंजा

एका जंगलात एक नदी होती. मुलांनो, नदी म्हटली की तिला दोन काठ असतात, आणि आपले काम नेमके पलीकडच्या काठावर निघते. त्या जंगलातही तसेच होते.

या नदीवर तुळसाकाकू नावाची कासवीण राहत असे. पाठ चांगली परातीएवढी रुंद. कुणाला पलीकडे जायचे असले की काकू त्याला पाठीवर बसवून नेई. भाडे चार उंबरे. तिचे काम चोख होते, तोंड मात्र थांबत नसे.

"नीट बस. शेपूट आत घे. काल काय हादडलंस रं, लई जड लागतोयस!"

हे पार पलीकडे पोचेपर्यंत चाले. शिवाय काकू अर्धी पाण्यात बुडून पोहत असे, त्यामुळे सगळ्यांचे पाय भिजत. पण पोचत सगळे.

पुढे जंगलात सुधारणा झाली. सुधारणा म्हणजे काय ते तुम्हाला मोठे झालात की कळेल. नाही कळले तरी ती होतेच.

शालूताई साळुंकीने घाटावरच्या बाभळीवर अभिप्राय केंद्र उघडले. ज्याला जसा अनुभव येईल तसा त्याने पळसाच्या पानावर लिहायचा, पान काट्याला टोचायचे आणि वर डिंकाने गुंजा चिकटवायच्या. वाईट असेल तर एक गुंज. उत्तम असेल तर पाच.

"पण ज्यानं अनुभव घेतला त्यानंच लिहायचं," शालूताई म्हणाली. "उगाच ऐकीव काही चालणार नाही. हा नियम आहे."

सगळ्यांना नियम फार आवडला. सर्वात जास्त आवडला भिवाजी भेकराला. भिवाजी अतिशय काटेकोर प्राणी होता. बाभळीवर बघितल्याशिवाय तो गवताला तोंड लावत नसे, आणि खाल्ल्यावर खरे तेच लिही. काकूबद्दलही त्याने खरे तेच लिहिले.

"चारही पाय भिजले. माझ्या वजनाचा चारचौघांत उल्लेख झाला. दोन गुंजा."

बाकीच्यांची पाने अशीच होती. काकूला वाईट वाटले. फार वाईट वाटले.

"इतकी वर्सं वाहिलं मी यांना," ती म्हणाली. "बुडालो न्हाई, एवढं तरी एकानं लिवायचं."

पण मुलांनो, बुडालो नाही असे कोण लिहितो? न बुडणे हे आपल्याला आपलेच कर्तृत्व वाटते.

थोड्याच दिवसांत घाटावर दुसरे दुकान उघडले. मालकाचे नाव मुकुंदराव मगर. लांब, रुंद, कोरडी पाठ. बोलणे इतके गोड की मुंग्या लागाव्यात. हसला की सगळे दात दिसत, आणि तो सारखा हसे.

"या या, बसा. घाट आपलाच आहे. भाडं? छे छे, तुमच्याकडून भाडं घेऊ? फक्त जाण्याआधी एक पान टोचा म्हणजे झालं. पाच गुंजांचं."

प्राण्यांनी पाने टोचली. फुकटात जायला मिळते तर पाच गुंजा कुणाला जड आहेत! "अत्यंत सुखकर प्रवास. परत नक्की येणार," असे लिहायचे आणि पाठीवर बसायचे. नदीच्या मधोमध वेताचे एक बेट होते. मुकुंदराव त्या बेटामागे जाई आणि लगेच रिकामा परत येई. काठावरच्यांना त्याचेही कौतुक वाटे. सेवा किती झटपट!

बाभळीची सगळ्यात वरची फांदी मुकुंदरावाच्या पानांना मिळाली. शालूताईला त्याच्या दातांतले किडे खायला मिळू लागले. मुलांनो, याला लाच म्हणत नाहीत. याला वरची फांदी म्हणतात.

काकूने घाटावर ओरडून सांगितले, "अरं, त्या बेटामागं काय व्हतं ते बघा की जाऊन!"

"पोटदुखी," प्राणी म्हणाले. "धंदा बसला ना म्हातारीचा."

आता झाले काय, भिवाजीची बायको गोदा बाळंतपणाला माहेरी गेली होती, पलीकडच्या काठावर. तिला मुलगी झाल्याचा निरोप बगळ्याने आणला. भिवाजीला आनंदाने काही सुचेना. तरी आधी तो बाभळीकडे गेला. मुकुंदरावाच्या नावावर पानेच पाने, सगळी पाच गुंजांची. एकही तक्रार नाही.

काटेकोर असल्यामुळे त्याने ठरवले, यातल्या कुणालातरी प्रत्यक्ष विचारू. तो शेजारच्या सशाकडे गेला. ससा पलीकडे गेला तो आलाच नव्हता. रानडुकराच्या घरी गेला. तेही आले नव्हते. चितळांच्या कळपात विचारले. तिकडेही तेच.

भिवाजीने खूप विचार केला आणि त्याला उलगडा झाला.

"पलीकडे फारच करमत असणार!" तो म्हणाला आणि मुकुंदरावाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

हसू नका. तुम्हीही त्याच रांगेत उभे राहिला असता.

त्याचा नंबर आला. मुकुंदराव हसला. "या जावईबापू! पान टोचलंत ना?"

"पोचल्यावर टोचीन."

"पोचल्यावर नाही हो जमत बऱ्याच जणांना," मुकुंदराव म्हणाला. "राहूनच जातं. आधीच टोचून टाका."

"अनुभव घेतल्याशिवाय मी लिहीत नाही. नियम आहे."

"अहो, सगळे लिहितात."

"लिहू देत. मी नाही लिहीत."

मागून रांग ओरडायला लागली. भिवाजीला राग आला. तो तरातरा काकूकडे गेला आणि तिच्या पाठीवर बसला.

"आलास का?" काकू म्हणाली. "खुरं आत घे. मुलगी झाली म्हणं! रिकाम्या हातानं निघालास व्हय रं बघायला?"

ती पलीकडे पोचेपर्यंत बोलत होती. भिवाजीचे पोटापर्यंतचे अंग भिजले. मनातल्या मनात त्याने एक गुंज ठरवून टाकली.

काठावर सासरे उभेच होते. "या, या! बरं झालं तुम्ही तरी आलात. तिकडे काही साथबिथ आहे का हो? हल्ली कुणी येतच नाही."

"येत नाही कसं? आमच्या शेजारचा ससा आला ना? रानडुक्कर?"

"कुणी नाही."

"चितळं?"

"अहो, कुणीच नाही."

भिवाजीने वळून पाहिले. बेटाच्या या बाजूला मुकुंदराव डोळे मिटून ऊन खात पडला होता. त्याचे पोट टरारले होते. लेकीला त्याने डोळे भरून पाहिले, तिला हुंगले, आणि तो तसाच काकूच्या पाठीवर परत निघाला. या वेळी आपण भिजतोय हे त्याच्या लक्षातही आले नाही.

घाटावर येताच तो बाभळीकडे पळाला.

"शालूताई, मुकुंदराव प्रवाशांना खातो!"

"तुम्ही बसलात त्यांच्या पाठीवर?"

"नाही."

"मग तुम्हाला अनुभव नाही. लिहिता येणार नाही."

"अहो, पण ज्यांना अनुभव आला ते सगळे..."

"ते सगळे समाधानी आहेत," शालूताईने वरची फांदी हलवून दाखवली. "एकाची तरी तक्रार आहे का?"

भिवाजीने खाली पाहिले. रांगेत सशाची बायको सगळी पिल्ले घेऊन उभी होती. नवरा पलीकडे रमला म्हणून ती त्याला शोधायला निघाली होती. तोंडात पळसाचे पान होते. पाच गुंजा आधीच चिकटवलेल्या.

भिवाजी जन्मात खोटे बोलला नव्हता. त्याने पळसाचे पान घेतले आणि लिहायला बसला.

"तुळसाकाकूंचा प्रवास म्हणजे स्वर्ग! पाण्याचा थेंब अंगाला लागत नाही. पाठ कापसाच्या गादीसारखी. काकू अवाक्षर बोलत नाहीत. पलीकडे उतरताच उंबराचे सरबत देतात. हे सगळ्यांसाठी नाही, मोजक्यांसाठीच आहे. पाच गुंजा."

शालूताईने पान तपासले. "काकूंच्या पाठीवर बसला होतात?"

"आत्ताच उतरलो. अजून ओला आहे."

"मग ठीक. नियमात बसतं."

पान टोचले गेले. मुलांनो, जंगलात फुकटापेक्षा एकच गोष्ट जास्त आवडते, दुसऱ्याला मिळालेली चैन. रांगेत कुजबुज झाली. सशाच्या बायकोने तोंडातले पान टाकले. मग रांगच्या रांग काकूकडे वळली. आधी कोण यावरून भांडणे झाली.

काकूला दम घ्यायला फुरसत मिळेना. आठवडाभर एकही गिऱ्हाईक आले नाही तसा मुकुंदराव खंगला आणि शेवटी खालच्या अंगाच्या जंगलात निघून गेला. तिथे नुकतीच सुधारणा झाली होती.

इकडे जे पलीकडे जाऊन आले ते सगळे चिंब भिजून, काकूचे ऐकून, सरबताशिवाय आले. त्यांनी धाव घेतली ती थेट बाभळीकडे.

"भिवाजी भेकर खोटारडा आहे. एक गुंज."

"भिवाजीने किती उंबरे खाल्ली याची चौकशी व्हावी."

"सरबत कुठे आहे?"

भिवाजीशी कुणी बोलेनासे झाले. त्याने गवताबद्दल लिहिलेल्या पानांवरही आता कुणी विश्वास ठेवीना. त्याला ते लागले. काटेकोर प्राण्याला असले फार लागते.

पण गोदा माहेराहून परत आल्यावर रोज संध्याकाळी तो लेकीला घेऊन बाभळीखाली जाई आणि आपल्या नावाच्या शिव्या एकेक करून तिला वाचून दाखवी.

"ही रानडुकरीण. आली परत. हे चितळ. आले. आणि ही बघ, सगळ्यात घाणेरडी शिवी. सशाची बायको." मग तो पानाच्या तळाशी असलेली बारीक बारीक ओरखड्यांसारखी अक्षरे बघे. "आणि तिची पिल्लं. सगळ्यांनी लिहिलंय."

तात्पर्य : मुलांनो, ज्याच्याबद्दल एकही तक्रार नाही अशाकडेच नेहमी जावे. परत येऊन तक्रार करण्याची दगदग वाचते.