मामा आधी आले

रविवारी सकाळी दात घासता घासताच हंबीररावांनी ठरवून टाकलं, की आज दिवसभर मालिकांविषयी एक अक्षर बोलायचं नाही. ठरवलं म्हणजे, त्यांच्या लेकीनं, अनुजानं, तसं कबूल करून घेतलं होतं. दुपारी बाराला मलकापूरची मंडळी घर बघायला येणार होती. अनुजा आणि विश्वजितची पसंती कधीच झाली होती. आता थोरांनी येऊन घर बघायचं, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा आणि होकार द्यायचा, एवढंच उरलं होतं. अडचण एकच होती. मुलाची आई वर्षाराणी साडेसातच्या मालिकेची भक्त होती आणि हंबीरराव त्या मालिकेचे जाहीर शत्रू होते.

"पप्पा, एवढं स्थळ तुमच्या तोंडापायी घालवू नका," अनुजा म्हणाली. म्हणाली हसतच, पण तिला काळजी वाटत होती हे दिसत होतं, आणि लेकीची काळजी हंबीररावांना सोसत नसे.

शत्रुत्वाचं कारण म्हटलं तर किरकोळ. त्या मालिकेत एक परका माणूस थोरला जावई म्हणून घरात शिरला होता. गेले त्रेचाळीस भाग तो पाटावर बसून श्रीखंड खात होता आणि घरातल्या अकरा माणसांपैकी एकालाही त्याला नाव विचारावंसं वाटत नव्हतं. हंबीररावांची तीस वर्षं शाहूपुरीतल्या एका दूध संघाच्या कचेरीत आवक कारकून म्हणून गेलेली (नाव-गाव सांगितल्याशिवाय आपण कुणाला टेबलाजवळसुद्धा उभं केलं नाही, असं ते स्वतःच सांगत). त्यांना हे बघवत नसे. "असं कुठं असतंय व्हय?" असं ते थेट टीव्हीलाच विचारायचे. त्यांची बायको शालूबाई म्हणायची, असतंय की, माणसं भिडस्त असतात. हा वाद रोज साडेसात ते आठ चालायचा आणि जाहिरातींच्या वेळी विशेष रंगायचा. गुरुवारी टीव्हीच बंद पडला, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं नवराबायकोत समेट झाला. शालूबाईंनी फोनवर तक्रार नोंदवली होती. माणूस येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं होतं.

अकराच्या सुमाराला मुलाच्या वडिलांचा, विजयसिंहांचा, फोन आला. आम्ही निघालोय, पण विश्वजितचे मामा कालपासून कोल्हापुरातच आहेत, ते कदाचित आधी पोचतील, असं ते म्हणाले. दहाच मिनिटांत दारात मोटरसायकल थांबली. उतरलेला माणूस पंचेचाळिशीचा, भरदार मिशांचा, इस्त्रीच्या शर्टातला. खांद्याला काळी बॅग.

"हंबीररावांचं घर ह्येच न्हवं?"

"ह्येच की. या पावणं, तुमचीच वाट बघत हुतो."

तो माणूस जरा चमकलाच. (त्याच्या धंद्यात लोक वाट बघतात खरी, पण हात जोडून कुणी सांगत नाही.) आता नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. सोयरीक जमू घातलेली असताना मुलाच्या मामाला 'आपण कोण' म्हणून विचारायचं म्हणजे सोयरिकीवर पाणीच सोडायचं. आणि एरवीही कोल्हापुरात पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग जेवण. ओळखपाळख निघालीच तर पान खाताना.

पाहुणा आत आला, टीव्हीच्या मागं डोकावला आणि गच्चीवर जाता येईल का म्हणाला. हंबीरराव खूश झाले. घर बघणारा माणूस असाच चोख पाहिजे. गच्चीवर त्यांनी त्याला पाण्याची टाकी, सोलर आणि शेजाऱ्याशी असलेला हद्दीचा वाद असं सगळं सविस्तर दाखवलं. पाहुण्यानं डिशचा दांडा हलवला आणि गंज धरलाय म्हणाला. लग्नाच्या आधी रंग देऊन घेतो, असं हंबीररावांनी वचन दिलं.

खाली आल्यावर पाहुणा घड्याळ बघायला लागला. "माझं काम पटकन उरकतो. मला अजून तीन घरं करायची हायत."

पोरांची पसंती झालेली असताना मामा आणखी तीन घरं बघणार म्हणजे काय? हंबीरराव तडक स्वयंपाकघरात गेले आणि ताट वाढायला लावलं. बाकीची मंडळी यायच्या आधीच कसं वाढायचं, असं शालूबाई कुजबुजल्या. पण तीन घरांचं कळल्यावर त्यांनीच मटणाच्या नळ्या शोधून शोधून वाढल्या. पाहुण्यानं दोनदा हात जोडले, भरून पावलो म्हणाला. पण काम कुठं पळून जातंय, असं दटावून हंबीररावांनी त्याला पाटावर बसवलाच.

जेवता जेवता पाहुण्याची नजर टीव्हीकडं गेली. टीव्ही बंद पडला की मालिका चुकते म्हणून लोक फार जीव खातात, असं काहीतरी तो बोलला. झालं. बोलायचं नाही हे वर्षाराणींच्या बाबतीत ठरलं होतं, मामांच्या बाबतीत नाही, असा सोयीचा निकाल हंबीररावांनी मनातल्या मनात दिला आणि त्रेचाळीस भागांची कथा पहिल्यापासून सांगितली.

"आता तुमीच सांगा पावणं," ते पांढऱ्याची वाटी भरत म्हणाले, "परका माणूस घरात येऊन खुशाल जेवतोय आणि कुणी त्याला नाव इचारत न्हाय. पटतंय का तुमास्नी?"

पाहुण्याचा घास तोंडापाशीच थांबला. त्यानं हंबीररावांकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं. "न्हाय पटत," तो हळूच म्हणाला आणि तांबड्याची तिसरी वाटी ओढून घेतली.

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. विजयसिंह उतरले, वर्षाराणी उतरल्या, आणि मागून फेटा बांधलेले एक गृहस्थ उतरले.

"हे आमचं मेव्हणं," विजयसिंह म्हणाले. "विश्वजितचं मामा. वाटंतच गाठ पडली."

हंबीररावांनी फेट्याकडं पाहिलं, मग पाटावरच्या मिशांकडं पाहिलं. घरात दोन मामा झाले होते आणि तांबडा रस्सा एकाच मामापुरता उरला होता. पाहुण्यांसमोर खरं सांगायची लाज वाटली म्हणून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे आमचं मावसभाऊ. राधानगरीचं."

पाटावरचा माणूस अन्नाला जागला. त्यानं रामराम घातला, आपलं नाव बाळासो म्हणून सांगितलं आणि खऱ्या मामांशी राधानगरीच्या पावसावर अशा काही गप्पा मारल्या, की हंबीररावांनाच तो आपला मावसभाऊ वाटू लागला. घर कसं आहे, असं मामांनी त्यालाच विचारलं. घर झकास, गच्चीवर जरा गंज आहे, पण माणसं मायाळू, असं त्यानं सांगितलं. मग सगळे पांढऱ्यावर भागवत असताना त्यानं बॅग उघडली आणि पाच मिनिटांत टीव्ही चालू केला. आठवड्याचे सगळे भाग पुन्हा लागले होते. वर्षाराणी हरखल्या. सगळं निभावलं, असं वाटून हंबीररावांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

बाळासो त्यांच्याजवळ येऊन अदबीनं म्हणाला, "तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा. त्याबिगर तक्रार बंद हुत न्हाय."

"मावसभावाला ओटीपी लागतोय?" विजयसिंहांनी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात अनुजानं डोळे मिटून घेतले. हंबीररावांना जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी मान खाली घातली आणि तीन घरांपासून मावसभावापर्यंत सगळं खरं सांगून टाकलं. नाव विचारलं नाही, हे सांगताना त्यांचा आवाज फारच बारीक झाला.

वर्षाराणी हसल्या त्या पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग नवऱ्याकडं वळल्या. "बघा. कवापासनं सांगतोय मी, असं असतंय म्हणून. तुमी म्हणतासा, लिवणाऱ्याला अक्कल न्हाय." विजयसिंहांनी पांढऱ्याच्या वाटीत तोंड घातलं. वर्षाराणींनी अनुजाला जवळ बसवून घेतलं. "नाव न इचारता जेवू घालणाऱ्या घरची पोरगी हाय. मला पसंत हाय." शालूबाईंना रडू आलं, अनुजा लाजली, आणि हंबीरराव इतके सुखावले, की त्यांनी बाळासोला अजून एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहांचा फोन आला. येत्या रविवारी सुपारी फोडायचं ठरलं होतं. फक्त मामांची एक विनंती होती.

"बोलणी कराय तुमच्या बाजूनं ते ओटीपीवालं मावसभाऊच पुढं बसू द्यात," विजयसिंह म्हणाले. "माणूस इचारी हाय. तुमीबी आलासा तर काय अडचण न्हाय."

हंबीररावांनी फोन ठेवला. बाळासोचा नंबर आपण घेतलाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते मुकाट्यानं उठले, टीव्हीमागची जाड वायर स्वतःच्या हातानं उपसून काढली आणि तक्रार नोंदवायला शालूबाईंना हाक मारली.