कडू कमी हाय

लातूरला रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बाबाराव कांबळ्यांनी अंघोळ सोडली आणि वाचलेल्या पाण्याची बिअर केली. बाबाराव पंचशील पाळतात. बिअर त्यांनी कधी जिभेला लावलेली नाही.

"पिणार न्हाई म्हणलोय," ते सांगत. "रांधणार न्हाई असं कुठं म्हणलोय?"

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते कंधारहून इथल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून आले. निवृत्तीनंतर पुण्याच्या भाच्याने हा नाद लावला. तोच हॉप्सची पाकिटे पाठवी. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुले. बिअरचा कडूपणा आणि वास त्यांचाच. पाकिटात ती दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात येत. शेजारच्या शांताबाईंनी एकदा त्या खाद्य समजून कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्यांनी तोंड फिरवले.

बाबाराव पाकिटात नाक खुपसून बसत. गव्हाच्या बिअरला फुलासारखा सौम्य हॉप. काळ्या बिअरला कडू चालतो, वासाचा नको. भाजलेल्या धान्यापुढे तो वाया जातो. फिक्या, कडक बिअरला मोसंबीच्या सालीच्या वासाचा. "उकळताना आधी टाकलं तर कडू, शेवटी टाकलं तर वास."

कोणता हॉप, हे पाण्यावरही ठरे. टँकर आला की गल्ली घागरी घेऊन नळीकडे धावे, बाबाराव ड्रायव्हरच्या खिडकीकडे.

"पाणी कुठलं? बोअरचं का? जड पाण्यात कडू टोचतंय."

"काका, पाणी पाहिजे का त्याची कुंडली?"

चव घ्यायला समोरचे व्यंकटराव. ओसरीवर एक पेला, डोळे मिटून, आणि दर वेळी एकच निकाल: "कडू कमी हाय, बाबा." बाबाराव चिडत. पुढच्या खेपेचा हॉप तिथेच ठरे.

त्या वर्षी व्यंकटरावांच्या घशात गाठ निघाली. किरणांच्या उपचारांनंतर तोंडाची चव गेली. मुलाने त्यांना नांदेडला नेले. फोनवर ते म्हणाले, "मीठ अन् साखर येकच लागून राह्यलंय."

अंघोळ सुटली ती त्यानंतर. बिअरच्या भांड्याला ऊन बाधू नये म्हणून बाबाराव त्याभोवती ओले पोते गुंडाळत.

"माझ्या लेकरांना अंघोळ न्हाई," शांताबाई ओरडल्या, "अन् ह्यांची दारू न्हाऊन राह्यली!"

 ही बिअर कोणत्या प्रकारची, असे मी बाबारावांना विचारले.

"व्यंकटची."

सगळ्यांत कडू हॉपचे अख्खे पाकीट त्यांनी पहिल्या उकळीलाच टाकले होते. वासासाठी काहीच नाही.

बिअर मुरल्यावर बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून आम्ही एसटीने नांदेडला गेलो. सुनेने डॉक्टरांना फोन केला. दोन चमच्यांची परवानगी मिळाली. आधी मी घोट घेतला. तो मोरीत जाऊन थुंकावा लागला.

व्यंकटरावांनी चमचा तोंडात धरला. चेहऱ्यावर काही हलले नाही.

"लागलं का काही?" बाबारावांनी विचारले.

व्यंकटरावांनी दुसरा चमचा मागितला. गिळायला वेळ लागला. मग त्यांनी बाबारावांकडे पाहिले आणि डोळे मिटले.

"कडू कमी हाय, बाबा."

"तुझी खोड जाणार न्हाई," बाबाराव म्हणाले आणि चमचा धुवायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आम्ही लातूरला परतलो. पुढच्या टँकरला बाबाराव ड्रायव्हरच्या खिडकीशी उभे होते.

"पाणी कुठलं?"

"रेणापूरकडच्या बोअरचं."

त्यांनी बिअरचे मोठे पातेले भरून घेतले. अंघोळीची बादली दाराशी उपडीच होती.