भगवंतराव दुपारी जागे राहतात

धामणगाव बढ्याच्या भगवंतरावांनी दुपारची झोप सोडली आणि घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तसं त्यांनी काहीतरी धरणं किंवा सोडणं घरात नवं नव्हतं. स्वतःला सुधारण्याचा त्यांना नादच होता. पहाटे थंड पाण्याची अंघोळ धरली, ती पहिल्या शिंकेला सुटली. मग व्यायामासाठी खामगावहून जुनी सायकल आणली. तिने त्यांना घरामागच्या खळ्यात असं आपटलं की बिचारे कित्येक दिवस पालथे झोपत होते. "या गाडीले कोनं हात लावला तं याद राखा!" असं बजावून त्यांनी ती कडब्याच्या गंजीआड उभी केली. माणूस वाईट नव्हता हो, पण आपली फजिती डोळ्यांसमोर उभी राहिलेली कुणाला आवडते?

खरी गोष्ट अशी होती की भगवंतरावांनी टाकलेली प्रत्येक सवय त्यांची बायको अन्नपूर्णाबाई गुपचूप उचलत असे. थंड पाण्याची अंघोळ ती अजून करत होती. आणि नवरा दुपारी ओसरीवर घोरायला लागला की शेजारच्या रुखमाबाईला मागून कॅरिअर धरायला लावून ती खळ्यात सायकल शिकत होती. रोहिणखेडला माहेरी तिचा भाऊ रंगराव सगळ्यांदेखत हसला होता, "बायकाईच्यानं कुठं सायकल होते, ताई?" आणि तीही बोलून बसली होती, "या आखाजीच्या सनाले सायकलवरच येईन, पाहून घेजो!" आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. सरळ जाणं जमत होतं. वळायची वेळ आली की बाई थेट कडब्यात.

अशा ऐन वेळी भगवंतराव मलकापुरात कुणाचंसं व्याख्यान ऐकून आले.

"दुपारची झोप म्हंजे आयुष्याले पडलेलं भोक हाय," जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं. "आजपासून बंद!"

अन्नपूर्णाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.

दुपार झाली. सारं गाव उन्हात पेंगू लागलं. बैल डोळे मिटून रवंथ करत होते, कडुलिंबाची सावलीसुद्धा अंग टाकून पडली होती, लांब कुठेतरी कवडा घुमत होता. जागे एकटे भगवंतराव. जागं राहून करायचं काय, ते व्याख्यानात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कांदे निवडले. लोणच्याच्या बरण्या उघडून हुंगल्या. मग मागच्या दारात पाट टाकून बसले. तेवढ्यात रुखमाबाई ठरल्याप्रमाणे आली आणि त्यांना बघून दचकली.

"काय पाह्यजे?"

"वि... विरजन!"

दुसऱ्या दिवशीही तिला विरजणच लागलं. मग रोजच लागू लागलं.

"काऊन वं," भगवंतराव बायकोला म्हणाले, "हिच्या घरी दही लागतच नाई काय?"

अन्नपूर्णाबाईने आणखी एक वाटी विरजण भरून दिलं. रुखमाबाईने तिला चुलीपाशी गाठून कुजबुजत सांगितलं, "वैनी, यायले झोपवा कसंबी. नाईतं सनाले बैलगाडीतच जा लागते तुमाले."

"बैलगाडीत गेली तं रंगराव जलमभर चिडवीन वं मले." अन्नपूर्णाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग पुरणपोळ्या झाल्या. वर तूप, वर दूध. भगवंतरावांनी पोटभर खाल्लं, ढेकर दिला आणि झोपेशी झुंजायला उभे राहिले. पापणी मिटायला लागली की हातातल्या हिरव्या मिरचीचा तुकडा तोडायचा, असा त्यांनी उपाय काढला. पुरणापुढे मिरची किती टिकणार? खांबाला टेकल्या टेकल्या त्यांना डुलकी लागली, मान खाली गेली, दचकून जागे झाले आणि सवयीप्रमाणे त्यांनी दोन्ही डोळे खसाखसा चोळले.

त्यानंतर जी बोंब उठली ती वेशीपर्यंत गेली म्हणतात.

"मेलो वं! आंधळा झालो!"

अन्नपूर्णाबाई धावत आली. तिने पाण्याचे हबके मारले, थंड दुधात फडकं भिजवून डोळ्यांवर ठेवलं आणि त्यांना मागच्या दारापाशीच बाजेवर आडवं केलं. "आता हालजा नोका. डोये उघडजा नोका." जरा वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. रुखमाबाईने दारातून मान काढली आणि दोघी पाय न वाजवता खळ्यात गेल्या.

भगवंतराव झोपले होते की जागे होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कानावर कुरकुर, कुरकुर असा आवाज येत होता. त्यांनी फडक्याचं टोक उचललं. डोळ्यांतल्या पाण्याने सगळं जग थरथरत होतं, उन्हाच्या कडा रंगीत झाल्या होत्या, आणि त्या पाण्यातून, जमिनीला न टेकता, त्यांची अन्नपूर्णा तरंगत चालली होती. पदर मागे उडत होता. ती हसत होती. लग्न झाल्यापासून इतकी खूश त्यांनी तिला कधी पाहिली नव्हती. त्यांना ती फार फार आवडली. मग ती कडब्यात शिरली आणि त्यांनी हलकेच फडकं खाली सोडलं.

संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "मले सपन पडलं. तू सायकल चालवून राह्यली होती."

तिने बशी खाली ठेवली. "मी? काहीतरीच! आन्... कशी चालवत होती?"

"झकास! पन वयताना खाली पाह्यत होती. समोर पाह्यलं अस्तं तं वयली अस्ती."

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाईने समोर पाहिलं आणि सायकल वळली. भगवंतरावांनी व्याख्यानाला रामराम ठोकला, रोज जेवण झाल्याबरोबर बाज गाठली. संध्याकाळी ते स्वप्न सांगत आणि ती एकेक गोष्ट कान देऊन ऐके. सायकल विषयात एवढं ज्ञान त्यांच्याकडे होतं, फक्त पायडल मारायची वेळ आली की ते दगा देत.

आखाजीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "उद्या मले सकायीच झोप येनार हाय. मोठं सपन पडीन असं वाटते. त्याच्यात मी मांगं कॅरिअरवर बसेल हावो."

"तुमी?"

"सपन माहं हाय. मी कुठंबी बसीन."

रोहिणखेडात त्या दिवशी रंगरावाच्या दारापुढे पोरंबाळं, म्हातारे, बाया, सगळे धावत आले. घंटी वाजवत अन्नपूर्णाबाईने झोकात वळण घेतलं आणि ओट्यापाशी ऐटीत पाय टेकवला. मागे भगवंतराव, तिचं माहेरी न्यायचं गाठोडं पोटाशी धरून, डोळे घट्ट मिटून बसले होते.

"दाजी!" रंगराव ओट्यावरून खाली उतरला. "हे... हे काय वो?"

"हयू बोल बे, वरडू नोको," डोळे न उघडता भगवंतराव म्हणाले. "झोपेल हावो मी."