मराठी आठ, इंग्रजी आठ

आमच्या कॉलनीतले नाना सरळ चालत नाहीत. गोलही चालत नाहीत. अख्खं जळगाव सकाळी मैदानाला गोल फेऱ्या मारतं, नाना आठाचा आकडा काढतात. शिवाय आठाच्या मध्यावर आले की क्षणभर थबकतात. तिथेच मी त्यांच्यावर आदळतो.

पहिल्या धडकेलाच त्यांनी माफी न मागता मला जर्मनीची गोष्ट सांगितली. तिथे फार पूर्वी पायात स्केट बांधून बर्फावर घसरणारा एक चॅम्पियन होऊन गेला. त्याचं नाव नाना घेतात तेव्हा शिंकल्यासारखं होतं. मी एकदा रुमालही पुढे केलाय. हा गृहस्थ बर्फावर आठ काढायचा आणि पुन्हा त्याच रेघेवरून जायचा. रेघ फाटली की गुण गेले! पंच वाकून बर्फच तपासायचे.

"पण नाना, बर्फ वितळला. मागे काय राहिलं?"

"वळण राहिलं, भाऊ! पुढच्यांनी तेच गिरवलं. माणसाला वळण पाहिजे." हे ते माझ्या पोटाकडे बघून म्हणाले.

जळगावात बर्फ भेटतो तो उसाच्या रसात. तरी पोटासाठी मी शिष्य झालो. नाना म्हणाले, "काढा आठ." मी शाळेत शिकलो तसा काढला. वरून तिरका खाली उतरलो, तळाशी वळलो आणि शेपटी ओढत थेट कुंपणाच्या तारेत.

"अहो, हा मराठी आठ! हा गेला की गेलाच. इंग्रजी काढा, तो परत येतो!"

पुढे कॉलनीच्या सभेला मी गैरहजर राहिलो, म्हणून सेक्रेटरी झालो. मैदानात फरशीचा गोल ट्रॅक करायचं ठरलं. मधे झाडं, कट्टा. नानांना सांगायचं काम अर्थातच माझं.

"नाना, आता गोल फिरावं लागेल."

नाना म्हणाले, "गोलात माणसं नुसती एकामागे एक चालतात, भाऊ. आठात मधे भेट होते."

"कोणाची?" मी मूर्खासारखं विचारलं.

"अक्काची. ती तिकडचं वळण घ्यायची, मी इकडचं. मधे भेटली की म्हणायची, 'हाई काय खूळ शे तुमनं!' आणि पुन्हा निघायची."

अक्का म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन वर्ष झालं होतं. आणि मी समजत होतो, नानांना दम लागतो.

पुढच्या सभेत मी आठाचा ट्रॅक मांडला. डुलक्या घेणाऱ्यांच्या माना हलल्या, मी मंजूर समजलो. मुकादमाला फोनवर ऐटीत सांगितलं, "मोठा आठ आखून टाका."

सकाळी नानांना मिरवत घेऊन गेलो. मुकादम माझ्याच शाळेतला निघाला. चुन्याचा मराठी आठ मैदानभर पसरला होता, शेपूट कुंपणापर्यंत.

मी जीभ चावली. नाना हसतील म्हणून वाट पाहिली. ते त्या शेपटीकडे बघत राहिले.

"हा अक्काचा. गेली ती गेलीच," ते म्हणाले.

मग घमेल्यातला मूठभर चुना घेऊन खाली वाकले, आणि ती शेपटी हळूहळू माघारी, आठाच्या मध्याकडे वळवायला लागले.